उसाची वंशावळ

अंबड तालुक्यातील अंकुशनगर हे समर्थ सहकारी साखर कारखान्याचे गाव. या टापूत जायकवाडीच्या पाण्यावर ऊस उभा राहतो आणि कोरडवाहू रानात ज्वारी. एकाला बारमाही पाणी लागते, दुसरी जमिनीतल्या ओलीवर निभावून नेते. शेतकऱ्याच्या हिशेबात ही दोन टोके असली तरी जीवशास्त्राच्या लेखी ती जवळची भावंडे आहेत. असे नाते ठरवायचे कसे, याचा इतिहास उसाच्या निमित्ताने पाहण्यासारखा आहे.

लिनियसने १७५३ मध्ये उसाला शास्त्रीय नाव दिले, तेव्हा वर्गीकरणाचा आधार होता दिसण्यातले साम्य. हे साम्य समान पूर्वजामुळे येते, हा विचार डार्विनने १८५९ मध्ये ठामपणे मांडला. तरीही एक अडचण उरली. कोणते साम्य ग्राह्य धरायचे? कांडी आणि पेरे बांबूलाही असतात, उसालाही. जर्मन कीटकशास्त्रज्ञ विली हेनिग यांनी १९५० मध्ये याचे नेमके उत्तर दिले: सगळ्या कुळाला मिळालेला जुना गुण जवळचे नाते सिद्ध करत नाही, ते सिद्ध होते एखाद्या शाखेत नव्याने उपजलेल्या आणि त्या शाखेतच सामाईक असलेल्या गुणाने. ज्वारीच्या कणसात आणि उसाच्या तुऱ्यात फुलोऱ्याची कणिशके जोडीने येतात, एक बिनदेठाचे आणि एक देठाचे. बांबूत अशी जोडी नसते. ऊस ज्वारीच्या घरचा ठरतो तो या खुणेमुळे, उंच कांड्यामुळे नव्हे.

मात्र उसाच्या स्वतःच्या घरात शिरलो की गुंता वाढतो. १९१२ मध्ये कोइमतूर येथे ऊस पैदास केंद्र सुरू झाले. तेथे बार्बर यांनी उत्तर हिंदुस्थानातील बारीक, काटक देशी उसांचे गट पाडले. पुढे त्यांच्याच नावावरून या उसांना ‘सॅकॅरम बार्बेरी’ ही स्वतंत्र जात मानण्यात आले. मळ्यातला जाड, रसाळ ऊस ही दुसरी जात, आणि नदीकाठी आपोआप वाढणारे, संस्कृतात ‘काश’ म्हणून ओळखले जाणारे रानगवत ही तिसरी. बार्बर आणि त्यांचे सहकारी वेंकटरमण यांनी जाड ऊस आणि हे रानगवत यांचा संकर करून ‘को २०५’ हा वाण तयार केला. १९१८ मध्ये तो पंजाबात लागवडीसाठी गेला. रानगवताचा काटकपणा मळ्यात आला.

पेशींमधील गुणसूत्रे मोजू लागल्यावर एक चमत्कारिक गोष्ट दिसली. जावा बेटावर ब्रेमर यांना आढळले की, या संकरात पिता आपली निम्मी गुणसूत्रे देतो, पण जाड ऊस ही माता बहुधा आपली सगळीच्या सगळी ८० देऊन टाकते. कोइमतूरच्या रानगवताची गुणसूत्रे ६४. म्हणजे संततीत ८० अधिक ३२, एकूण ११२. सामान्य गणिताने ७२ यायला हवीत. ई. के. जानकी अम्माल यांनी कोइमतूरलाच काशाच्या गुणसूत्रांचा अभ्यास केला आणि एकाच नावाखाली किती वेगवेगळी गुणसूत्रसंख्या नांदते हे पुढे आले.

आमच्याकडे भाटाच्या चोपडीत बापाचा वंश नोंदला जातो, लेकीसुनांची नावे गळतात. वनस्पतीच्या पेशीतील हरितकण याच्या नेमके उलट वागतात. उसात त्यांचा डीएनए आईकडूनच येतो, म्हणून ती मातृवंशाची चोपडी होय. ती उघडली तेव्हा बार्बर यांच्या देशी उसांची आई जाड ऊस असल्याचे दिसले. २००२ मध्ये गुणसूत्रांवर रंगीत खुणा करून फ्रेंच संशोधकांनी दाखवले की, देशी ऊस ही स्वतंत्र जात नसून जाड ऊस आणि काश यांचा जुना संकर आहे. जाड ऊस न्यू गिनीत माणसाळला आणि पश्चिमेकडे आला. त्याची गाठ येथील रानगवताशी पडली. कोइमतूरने हेतुपूर्वक जे केले ते वाऱ्याने फार पूर्वी करून ठेवले होते.

येथे ‘वंशवृक्ष’ ही प्रतिमा अपुरी पडते. वृक्षाच्या फांद्या फुटतात, पण पुन्हा जुळत नाहीत. उसाच्या फांद्या जुळल्या आहेत. त्याचा नकाशा जाळ्यासारखा आहे. रेयुनियन बेटावरील ‘आर ५७०’ या वाणाचा जवळजवळ संपूर्ण जनुकपट २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे ११४ गुणसूत्रे आहेत. हा गुंता उलगडताना मार्गदर्शक ठरला तो ज्वारीचा सुटसुटीत, २० गुणसूत्रांचा, २००९ मध्ये प्रसिद्ध झालेला पट. धाकटीच्या पाटीवरून थोरल्याचे अक्षर लागले.

या साऱ्याचा कारखान्याच्या काट्याशी संबंध काय? महाराष्ट्रात दीर्घकाळ सर्वाधिक लावला गेलेला ‘को ८६०३२’, म्हणजे ‘नीरा’, हा ‘को ६२१९८’ आणि ‘कोसी ६७१’ यांची संतती. ‘कोसी ६७१’चा एक जनक ‘को ७७५’. उत्तर प्रदेशात प्रचंड क्षेत्र व्यापणाऱ्या ‘को ०२३८’चाही जनक तोच. अलीकडच्या वर्षांत ‘को ०२३८’ला लाल कुजीने ग्रासले. म्हणून ‘नीरा’लाही तोच रोग गाठेल असे म्हणता येणार नाही. पण दोन प्रांतांची शिवारे एकाच घरातली निघावीत, हा इशारा पुरेसा आहे. शिवाय ऊस बेण्यापासून लावला जातो. त्यामुळे एका वाणाची हजारो एकरांतील लागण म्हणजे जनुकदृष्ट्या एकच झाड. त्या एका झाडाची ताकद जिथे संपते, तिथे सगळ्यांची संपते.

सुरुवातीच्या संकरांत मोजकेच पूर्वज वापरले गेले आणि आजचे बहुतेक वाण त्यांच्याच नातवंडा-पतवंडांच्या लग्नांतून आले आहेत. नवे रक्त हवे असेल तर ते पुन्हा काशाकडेच मागावे लागेल, आणि कोणत्या काशाकडे मागायचे हे वंशावळ नीट वाचल्याशिवाय कळणार नाही. सोयरिक ठरवण्यापूर्वी कुळ पाहावे, हा आमच्याकडचा जुना संकेत माणसांच्या बाबतीत आम्ही टाकून दिला तर बरेच होईल. उसाच्या बाबतीत मात्र तो पाळण्यावाचून गत्यंतर नाही.