बॅरिस्टर अंतुले आणि आपण

आमच्या बेंबळीत ‘संजय गांधीचा पगार’ म्हटलं की कुणाला फोड करून सांगावं लागत नाही. विधवा, अपंग, निराधार म्हातारी माणसं त्या पैशाची वाट बघतात आणि पगार लांबला की तहसीलला खेटे घालतात. ही योजना १९८० साली सुरू झाली तेव्हा मुख्यमंत्री होते बॅरिस्टर अब्दुल रहमान अंतुले. पगार उचलणाऱ्या किती जणींना हे नाव ठाऊक असेल? आम्हा मुसलमानांना ते ठाऊक आहे, पण एका वाक्यापुरतं: आपला एक माणूस मुख्यमंत्री झाला आणि त्याला टिकू दिलं नाही. हे वाक्य अर्धंच खरं आहे.

अंतुले रायगड जिल्ह्यातल्या आंबेतचे, जन्म १९२९ चा. विलायतेहून बॅरिस्टर होऊन आले आणि १९६२ साली श्रीवर्धनमधून विधानसभेत गेले. तिथे ते १९७६ पर्यंत होते. जिल्हा शेतकरी कामगार पक्षाचा बालेकिल्ला. मतदारसंघात मुसलमान होते, पण बहुसंख्य नव्हते. म्हणजे अंतुल्यांना निवडून देणाऱ्यांत कुणबी होते, आगरी होते, कोळी होते. ही गोष्ट आपण विसरतो. ‘मुस्लिम नेता’ हा शिक्का त्यांच्यावर नंतर बसला.

त्यांच्या मुख्यमंत्रिपदाचं अप्रूप मराठवाड्याला कोकणापेक्षा वेगळं असायला कारण होतं. सप्टेंबर १९४८ च्या पोलीस ॲक्शननंतर ज्या जिल्ह्यांत मुसलमानांनी सर्वांत जास्त सोसलं, त्यांत उस्मानाबाद, म्हणजे आजचा धाराशिव, होता. बुजुर्ग त्याविषयी फारसं बोलत नसत. आणि ९ जून १९८० रोजी, बत्तीस वर्षांच्या आतच, एक मुसलमान महाराष्ट्राचा मुख्यमंत्री झाला! पाठीशी आमदारांपेक्षा इंदिरा गांधींचा विश्वास होता, हेही खरं. पडत्या काळात त्यांनी बाईंची साथ सोडली नव्हती.

कारभार धडाक्याचा. १ जानेवारी १९८१ ला कुलाबा जिल्ह्याचं नाव रायगड झालं, १ मे रोजी जालना आणि सिंधुदुर्ग हे नवे जिल्हे झाले. शिवरायांची भवानी तलवार इंग्लंडहून परत आणण्याची घोषणा झाली. तलवार काही आली नाही. तुळजाभवानी आमच्याच जिल्ह्यातली, त्यामुळे या घोषणेचं आम्हाला जास्तच कौतुक. आज मात्र वाटतं, मुसलमान मुख्यमंत्र्याला आपलं मराठीपण इतक्या मोठ्यानं सांगावं लागत होतं का?

मराठवाड्याच्या दृष्टीने मोठं काम निराळंच. २७ ऑगस्ट १९८१ रोजी औरंगाबादला उच्च न्यायालयाचं खंडपीठ सुरू झालं. मागणी जुनी, वकिलांचा लढाही जुना. पण निर्णय तडीला गेला तो या सरकारच्या काळात. अपिलासाठी मुंबई गाठण्याची यातायात संपली.

आणि चौथ्याच दिवशी, ३१ ऑगस्टला, ‘इंडियन एक्स्प्रेस’मध्ये अरुण शौरींचा लेख आला. इंदिरा गांधींच्या नावाचं प्रतिष्ठान, त्याला बिल्डरांच्या देणग्या, आणि नियंत्रणातल्या सिमेंटचा त्याच बिल्डरांना कोटा. त्या काळी घर बांधायचं तर सिमेंटच्या परमिटसाठी चपला झिजवाव्या लागत, त्यामुळे हा घोटाळा सामान्य माणसाला ताबडतोब कळला. जानेवारी १९८२ मध्ये न्या. लेंटिन यांनी काही प्रकरणांत देणगी आणि कोटा यांचा संबंध असल्याचा निष्कर्ष काढला. अंतुल्यांनी राजीनामा दिला.

आपल्यातले बरेच जण म्हणाले, मुसलमान म्हणून घालवलं. तसं वाटणाऱ्यांना हसण्याचं कारण नाही; त्यांना इतर पुढाऱ्यांचे कारखाने आणि संस्था दिसत होत्या. पण लेंटिन साहेबांपुढे कागद होते, आणि कागदाला जात-धर्म नसतो. आम्ही तेव्हा अंतुल्यांचा बचाव केला, तो कागद न वाचता.

खटले मात्र वर्षानुवर्षं चालले. फिर्यादी भाजपचे रामदास नायक. १९८४ साली सर्वोच्च न्यायालयाने आमदार हा दंड संहितेच्या अर्थाने लोकसेवक नाही असं ठरवलं आणि खटला विशेष न्यायाधीशाकडून काढून उच्च न्यायालयाकडे दिला. १९८८ साली सात न्यायाधीशांच्या पीठाने बहुमताने तो आदेश मागे घेतला: कायद्याने विशेष न्यायाधीश नेमून दिलेला असताना एकट्या अंतुल्यांना वेगळी वागणूक कशी? १९९१ साली त्यांच्याच प्रकरणात, आरोपीचा खटला लवकर चालण्याच्या हक्काची मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली गेली.

मतदारांनी त्यांना टाकलं नाही. १९८९, १९९१, १९९६ आणि २००४ साली ते लोकसभेवर गेले. २००६ साली नव्या अल्पसंख्याक मंत्रालयाचे पहिले मंत्री झाले. २००८ च्या डिसेंबरात हेमंत करकरे यांच्या मृत्यूविषयी शंका काढून पुन्हा वादात सापडले. गृहमंत्र्यांच्या संसदेतल्या निवेदनानंतर थांबले. २००९ साली अनंत गीते यांनी त्यांना हरवलं. २ डिसेंबर २०१४ रोजी ते वारले.

आमच्या भागातला एखादा पोरगा वर्षानुवर्षं कच्च्या कैदेत राहिला तर त्याचा अर्ज औरंगाबाद खंडपीठात जातो. खटल्याला उशीर झाला, हे सांगताना वकील ज्या निकालाचा हवाला देतात, त्याचं नाव ‘अब्दुल रहमान अंतुले विरुद्ध आर. एस. नायक’.