ग्रेनफेल टॉवर : एका लूज कनेक्शनची रात्र

१३ जून २०१७, रात्र. लंडनच्या नॉर्थ केन्सिंग्टनमधल्या २४ मजली इमारतीत, चौथ्या मजल्यावरच्या एका स्वयंपाकघरात मोठा फ्रिज चालू आहे. त्याच्या मागे, कॉम्प्रेसरच्या रिलेजवळ, तारेच्या टोकाचा एक लग नीट दाबला गेलेला नव्हता, असं विद्युततज्ज्ञाने पुढे चौकशीत सांगितलं.

वायरमन ज्याला लूज कनेक्शन म्हणतात, ते हेच. धातूला धातू पुरता टेकला नाही की तेवढ्याच जागी विरोध वाढतो, ती जागा तापते, तापली की काळवंडते आणि विरोध आणखी वाढतो. करंट मात्र वाढत नाही, म्हणून सुरुवातीला एमसीबी पडत नाही. ही धुमसण्याची वेळ कधी काही तासांची, कधी काही महिन्यांची. घर वाचवायचं ते याच वेळात. पिन काढताना बोटाला चटका बसतो. सॉकेटच्या भोकांभोवती तपकिरी डाग पडतो. बोर्डातून तडतड ऐकू येते, कधी सडक्या मासळीसारखा वास येतो, आणि आपण उदबत्ती लावतो! सैल सॉकेटमध्ये काडेपेटीची काडी खुपसून काम भागवणारी घरं मी पाहिली आहेत. तिथे मेन बंद करून वायरमनलाच बोलवायला हवं.

फ्रिजच्या पोटातला लग मात्र घरातल्या माणसाला दिसणारच नसतो. तिथे राखण करतो तो धुराचा अलार्म. आपल्याकडच्या घरांत तो क्वचितच असतो, याची मला खरोखर काळजी वाटते.

ग्रेनफेलमध्ये त्या रात्री, मध्यरात्र उलटून १२:५४. अलार्मने जागा झालेला रहिवासी फ्रिजजवळ धूर पाहतो, अग्निशमन दलाला फोन करतो, शेजाऱ्यांची दारं ठोठावतो.

१२:५९. पहिला बंब हजर.

१:०९. आग खिडकीतून बाहेरच्या आवरणाला लागली आहे. नूतनीकरणात भिंतींवर बसवलेल्या त्या ॲल्युमिनियमच्या पत्र्यांच्या पोटात पॉलिथिलीन होतं.

१:१४. जवान स्वयंपाकघरात शिरतात. आतली आग विझत असताना बाहेरची वर चढत असते.

१:२७. ज्वाळा छतापर्यंत पोहोचतात. वरच्या मजल्यांवरून फोन येत असतात. उत्तर मिळतं, घरातच थांबा.

२:४७. हा सल्ला अखेर मागे घेतला जातो. तोवर जिना धुराने भरलेला.

८:०७. शेवटची वाचलेली व्यक्ती बाहेर येते.

या आगीने ७२ जणांचा बळी घेतला. चौकशीच्या ऑक्टोबर २०१९च्या अहवालात निवृत्त न्यायमूर्ती सर मार्टिन मूर-बिक यांनी स्पष्ट नोंदवलं की ज्याच्या घरात आग लागली, त्या रहिवाशाचा काहीही दोष नव्हता.