दोन हाडांमधली मोकळी जागा

क्ष-किरणांनी घेतलेले माणसाचे पहिले गाजलेले चित्र हाताचे होते. २२ डिसेंबर १८९५ रोजी राँटगेन यांनी ते पत्नीच्या पंजाचे घेतले. बोटांची हाडे आणि अंगठी स्पष्ट, पण दोन हाडांमधली जागा मोकळी. ती खरी मोकळी नसते. तिथे कूर्चा असते, आणि क्ष-किरण तिच्यातून फारसे न अडता जातात. मुलांच्या संधिवाताच्या निदानात घोळ झाला तो याच जागेमुळे.

१८९७ साली लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट रुग्णालयातील डॉ. जॉर्ज स्टिल यांनी सांधे सुजलेल्या २२ मुलांचे वर्णन प्रसिद्ध केले. सांधे फुगलेले, आखडलेले. हाडांची मोडतोड मात्र फारशी नाही. मोठ्यांच्या संधिवाताहून हे प्रकरण निराळे आहे, असे त्यांनी मांडले.

मोठ्यांच्या चित्रांत पुढे एक हिशेब बसला: फट अरुंद झाली म्हणजे कूर्चा झिजली. मुलांना तो लागू पडेना. जन्मतः मनगटाची आठही हाडे कूर्चेचीच असतात. पुढच्या दहा-बारा वर्षांत ती एकेक करून हाडाची होतात. मग सहा वर्षांच्या मुलीची फट किती हवी? शिवाय सुजेमुळे रक्तपुरवठा वाढतो आणि जवळचे हाड लवकर वाढते. गुडघा सुजलेला पाय कधी कधी दुसऱ्यापेक्षा लांब होतो! १९७८ साली पॉझनान्स्की आणि सहकाऱ्यांनी छान युक्ती काढली. मनगटाची लांबी मोजायची आणि तर्जनीच्या मुळाशी, तळहातात असलेल्या हाडाच्या लांबीशी ती ताडून पाहायची. म्हणजे मोजपट्टी त्याच मुलाच्या हातात.

तरीही चित्रात दिसते ती झालेली हानी. १९९२ साली मेथोट्रेक्सेटची मुलांवरील चाचणी प्रसिद्ध झाली, पुढे इतर औषधेही आली, आणि हानीपूर्वीच निदान होण्याला मोल आले. सोनोग्राफी व एमआरआयमध्ये आतली सूज दिसते. पण ही यंत्रे मोठ्या गावांत.

आपल्याकडे भिगवणला १९९६ साली डॉ. अरविंद चोप्रा यांनी सांधेदुखीची घरोघर पाहणी सुरू केली, पण ती प्रौढांची. शहापूर-मुरबाडच्या पाड्यावरचे मूल आधी दिसते ते शिक्षकांनाच. प्रार्थनेला मांडी घालता येत नाही आणि दुपारी तेच मूल पळते, म्हणून ते सोंग करते असे ठरते. सकाळी आखडणे व नंतर मोकळे होणे हे या आजाराचे नेहमीचे लक्षण आहे. सांध्याची सूज सहा आठवडे टिकली, तर ‘फोटोत काही नाही’ एवढ्यावर थांबू नये. क्षयही तपासावा लागतो.