घरपट्टीची पावती आणि मताचा अधिकार

"आमच्या टॅक्सवर तुमच्या सवलती चालतात." आरक्षण, शिष्यवृत्ती, घरकुल, कुठलाही विषय निघो, हे वाक्य आपल्या तोंडावर फेकले जाते. मग आपण चिडून सांगतो की काडीपेटीपासून मोबाइलच्या रिचार्जपर्यंत आम्हीही कर भरतो. हे उत्तर खरे आहे, पण अपुरे आहे. कारण ते देताना आपण समोरच्याचे गृहीतक मान्य करून बसतो : ज्याने कर भरला, त्याचाच हक्क. या गृहीतकाचा इतिहास फार जुना आहे. तो समजून घ्यायचा तर घरपट्टीकडे पाहावे लागेल.

आधी एक अनुभव सांगतो. मी काम करतो त्या भागातल्या एका गावात सरपंचपद अनुसूचित जातीच्या महिलेसाठी राखीव झाले. वस्तीतल्या एका ताईंनी उभे राहायचे ठरवले. अर्ज भरायच्या आदल्या दिवशी थकबाकी नसल्याचा दाखला घ्यायला त्या ग्रामपंचायतीत गेल्या, तेव्हा कळले की नऊ वर्षांची घरपट्टी बाकी आहे. "बिल कुणी आणून दिलं का दादा कधी? मागितलं असतं तर भरलं नसतं का?" ताई मला विचारत होत्या. बचत गटातून उसने पैसे काढले, रात्रीत जमवाजमव केली आणि दुसऱ्या दिवशी मुदत संपायला थोडा वेळ असताना अर्ज दाखल झाला. नऊ वर्षे ज्या घराची आठवण कुणाला झाली नाही, त्या घराची थकबाकी नेमकी त्याच दिवशी सापडली.

हा नुसता निष्काळजीपणा म्हणून सोडून देता येत नाही. पेशवाईच्या कागदांत घरपट्टी आहे, कारागीर आणि व्यापाऱ्यांवरचा मोहतर्फा आहे. गावचा वसूल गोळा करताना रयतेला चावडीवर बोलावून आणणे, जमा झालेला पैसा तालुक्याला पोचवताना सोबत चालणे ही कामे महाराच्या वतनात होती. म्हणजे कर ज्याच्या पायांनी गोळा होत होता, त्याला चावडीच्या आत बसायला जागा नव्हती.

इंग्रजांनी घरपट्टीला नवा अर्थ दिला. १८७२ च्या मुंबई नगरपालिका कायद्याने ६४ सभासदांपैकी निम्मे करदात्यांनी निवडायचे ठरवले. पण करदाता म्हणजे वर्षाला किमान ५० रुपये पट्टी भरणारा. चाळीत भाड्याने राहणारा गिरणी कामगार यात येतच नव्हता. त्याच्या भाड्यातूनच घरमालक पट्टी भरत होता, मत मात्र मालकाचे. पुढे १९२२ मध्ये महिना दहा रुपये भाडे देणाऱ्यांपर्यंत मताचा अधिकार खाली आला. ज्यांच्या खोलीचे भाडे त्याहून कमी, ते बाहेरच राहिले. प्रौढ मतदानाने मुंबईची पालिका निवडली गेली ती थेट १९४८ मध्ये. तोवर पट्टीचे बिल हेच नागरिकत्वाचे प्रमाणपत्र होते. ज्याच्या नावाने बिल फाटत नाही, तो शहरात राहतो, शहर झाडतो, शहराचा मैला वाहतो, पण शहराचा कुणी नसतो.

या व्यवस्थेवर पहिला मुळावरचा घाव बाबासाहेबांनी घातला. १९१९ मध्ये साउथबरो समितीपुढे साक्ष देताना ते सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक होते. मालमत्ता ही मताची कसोटी ठेवली तर अस्पृश्य बाहेर फेकला जाईल हे त्यांनी मांडले. अस्पृश्याच्या दुकानातून कुणी माल घेत नाही, त्याला धंद्याचे दरवाजे बंद आहेत. अस्पृश्यतेनेच ज्याला निर्धन केले, त्याला निर्धन म्हणून मत नाकारायचे, ही एकाच गुन्ह्याची दुहेरी शिक्षा झाली. १९२८ मध्ये सायमन कमिशनला बहिष्कृत हितकारिणी सभेच्या वतीने दिलेल्या निवेदनात त्यांनी सरळ प्रौढ मतदानाची मागणी केली. १९३५ च्या कायद्यातही मत हे कर, मालमत्ता आणि शिक्षण यांनाच बांधलेले होते. ती दोरी शेवटी संविधानाच्या अनुच्छेद ३२६ ने कापली.

पण या इतिहासाची दुसरी बाजू आहे, आणि ती आपण फारशी सांगत नाही. ४ ऑगस्ट १९२३ रोजी सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळात मंजूर झाला. सार्वजनिक पैशातून बांधलेली किंवा चालवली जाणारी पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुली असावीत, असा तो ठराव होता. त्यातली कसोटी नीट पाहा. अस्पृश्यांनी किती कर भरला, असा प्रश्न तिथे नाही. पैसा सार्वजनिक आहे का, एवढाच प्रश्न आहे. कर एकदा तिजोरीत पडला की तो सवर्णाचा राहत नाही आणि अस्पृश्याचाही राहत नाही. तो सगळ्यांचा होतो आणि त्यातून उभे राहिलेले तळेही सगळ्यांचे होते.

महाडच्या नगरपालिकेने १९२४ मध्ये याच ठरावाला धरून चवदार तळे खुले केले. ते कागदावरच राहिले, म्हणून २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारोंना घेऊन तळ्यावर गेले. त्याच वर्षी ४ ऑगस्टला नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. तळे खाजगी आहे असा दावा घेऊन सनातनी कोर्टात गेले. दहा वर्षे खटला चालला. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने निकाल आपल्या बाजूने कायम केला. तळे नगरपालिकेचे आहे, आणि अस्पृश्यांना मज्जाव करण्याची अनादी रूढी सिद्ध झालेली नाही. सनातन्यांना तळे खाजगी ठरवण्याची एवढी धडपड का करावी लागली? कारण तळे सार्वजनिक ठरले की त्यांचा दावाच संपत होता. पुढे संविधानाच्या अनुच्छेद १५(२) मध्ये विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते यांविषयी जे शब्द आले, त्यांत पूर्णतः किंवा अंशतः राज्याच्या निधीतून राखलेली ठिकाणे हीच कसोटी आहे.

म्हणून "आमच्या टॅक्सवर" म्हणणाऱ्याला उत्तर द्यायचे ते हे : टॅक्स भरल्यावर तो तुझा राहत नाही. हक्क करावर अवलंबून ठेवायचा की नाही, याचा निकाल या देशाने २६ जानेवारी १९५० रोजी लावला आहे.

पण मित्रांनो, निकाल लागला म्हणून जुनी वाट पूर्ण बुजली असे समजू नका. १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्याचे कलम १४ वाचा. कराची मागणी झाल्यापासून तीन महिन्यांत तो भरला नाही, तर सदस्य अपात्र ठरतो. मत द्यायला कर लागत नाही, पण निवडून येऊन खुर्चीवर टिकायला लागतो. याच तरतुदीने गावोगावी विरोधकाचा काटा काढला जातो, आणि राखीव जागेवर आलेली आपली बाई त्यात पहिली सापडते. मात्र त्याच कलमात एक अट आहे, जी आपल्याला कुणी सांगत नाही : बिल रीतसर बजावलेले असले पाहिजे. बिलच बजावले नसेल तर तीन महिने मोजायचे कुठून? ताईंना त्या दिवशी हे माहीत नव्हते. मलाही नव्हते, हे कबूल करतो.

आता कागद समजून घेऊ. नमुना ८ म्हणजे कर आकारणीची नोंदवही. घर कुणाचे, किती चौरस फुटांचे, मातीचे की आर.सी.सी., हे तिथे लिहिलेले असते. नमुना ९ म्हणजे मागणीची नोंदवही, चालू आणि थकीत रक्कम तिथे दिसते. नमुना १० ही तुमच्या हातात यायची पावती. २०१५ च्या सुधारित नियमांपासून आकारणी भांडवली मूल्यावर होते. रेडी रेकनरचा दर, बांधकामाचा प्रकार, घसारा आणि वापर यांवरून रक्कम ठरते. पत्र्याचे घर वहीत पक्के लिहिले गेले, तर वर्षानुवर्षे जादा पट्टी बसते. आकारणीची यादी प्रसिद्ध होते तेव्हा हरकत घेता येते. आपल्या वस्तीत ती यादी वाचायला कोण जाते?

पावतीवर घरपट्टीबरोबर दिवाबत्ती कर असतो, आरोग्य कर असतो. वस्तीतल्या खांबावर दिवा नाही, गटार तुंबलेले आहे, तरी रक्कम सारखीच. शिवाय ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नाचे १५ टक्के मागासवर्गीयांसाठी खर्च करायचे असतात. त्या उत्पन्नात घरपट्टी हा मोठा भाग आहे. वसुली किती झाली हेच आपल्याला माहीत नसेल, तर त्याचे १५ टक्के किती झाले हे ग्रामसभेत विचारणार कसे?

काही कार्यकर्ते म्हणतात, सोयी नाहीत तर पट्टी भरू नका. ही भूमिका मला पटत नाही. न भरण्याचा तोटा गावच्या वाड्याला होत नाही. तिथे थकबाकी असली तरी निवडणुकीआधी निरोप पोचतो. तोटा आपल्या उमेदवाराला होतो. म्हणून पट्टी भरा, पावती घ्या, आणि ती पावती हातात धरून ग्रामसभेत दिव्याचा, गटाराचा आणि १५ टक्क्यांचा हिशेब मागा. घराच्या नोंदीत पतीबरोबर पत्नीचेही नाव लावून घ्या. आणि एक लक्षात ठेवा, पावती हा राहण्याचा पुरावा आहे, मालकीचा नाही. मालकीची लढाई वेगळी लढावी लागते.

येत्या १४ एप्रिलला मिरवणुकीची तयारी होईलच. त्याआधी एका रविवारी प्रत्येक बुद्ध विहारात वस्तीतल्या सगळ्या घरांच्या पावत्या एकत्र करून बघूया. कुणाची बाकी आहे, कुणाला बिलच आले नाही, कुणाचे घर वहीत नाही, याची यादी एका वहीत निघेल. चवदार तळ्याचा खटला कागदावरही लढला गेला होता आणि तो दहा वर्षे टिकून जिंकला गेला. आपल्याला एक रविवार काढायचा आहे.

जय भीम!