अमृताच्या ताटातली करवंटी

एक पोथी चारजणांनी उतरवली की तिच्या चार पोथ्या होतात. ज्ञानेश्वरीचेही तसेच झाले. शके १२१२ (इ. स. १२९०) चा हा ग्रंथ; पुढे नकला करताना त्यात अपपाठ शिरले. शके १५०६ (इ. स. १५८४) मध्ये एकनाथांनी पाठ शुद्ध केला आणि बजावले, यात स्वतःची ओवी घालणे म्हणजे अमृताच्या ताटात करवंटी ठेवणे.

घोळ मिटला. पण गाळलेले पाठ कोणते, हे वाचकाला कसे कळावे?

१९१९ साली पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारत संशोधनाचे काम सुरू केले. तिथली रीत वेगळी : वर स्वीकारलेला पाठ, खाली पाठभेद. १९६६ साली अठरा पर्वे पुरी झाली. पारायणाला मला नाथांचीच प्रत हवी. अभ्यासाला मात्र ही दुसरी रीत. तिच्यात संपादकाशी भांडायची सोय आहे.