चाकोरीची रुंदी

चाकोरी हा शब्द आपण आता बहुधा टीकेच्या सुरात वापरतो. एखाद्याचे विचार चाकोरीतले आहेत असे म्हटले, की त्याच्या बुद्धीविषयी आपण फारसे चांगले बोललेलो नाही, हे ऐकणाऱ्यास कळते. परंतु ज्या काळी हा शब्द खरोखरीच रस्त्यावर नांदत होता, त्या काळी चाकोरी ही गाडीवानाची मोठी सोय होती. पावसाळ्यात काळ्या मातीत चाकांच्या दोन खोल रेषा उमटत, उन्हाने त्या टणक होत आणि पुढल्या पावसापर्यंत सारी वाहतूक त्यांतूनच चाले. ज्याच्या गाडीचा आस चार बोटे अधिक किंवा उणा असेल, त्याचे एक चाक चाकोरीत आणि दुसरे तिच्या काठावर. अशी गाडी कलंडे, नाही तर तिचा आस मोडे. त्यामुळे एका मुलखातले सुतार सामान्यतः एकाच मापाचे आस घडवीत.

श्रोतेहो, हा विचार मनात येण्यास स्थळही तसेच आहे. जबलपूरच्या जुन्या बाजारपेठेत बडा फुहारा नावाचा चौक आहे. १९३९ साली भरलेल्या त्रिपुरी काँग्रेसची आठवण म्हणून उभारलेला कमानिया दरवाजा तेथून जवळच आहे. या चौकाच्या गर्दीतून हातगाडी, सायकल, रिक्षा, मोटार अशी हरतऱ्हेची चाके वाट काढीत असतात, आणि त्यांत अलीकडे मडगार्डाच्या बाहेर दोन-दोन इंच चाके आलेली एखादी जीपही दिसते. चाक आणि तुंबा यांच्यामध्ये धातूची जाड चकती बसवून ही रुंदी साधलेली असते. तिला बाजारात स्पेसर म्हणतात. गाडी भारदस्त दिसते, हे कबूल केले पाहिजे. परंतु दोन चाकांमध्ये किती अंतर असावे, हा प्रश्न फार जुना आहे, आणि जबलपूर शहराने तर त्याची किंमत शतकाहून अधिक काळ मोजलेली आहे.

आपस्तंबाच्या शुल्बसूत्रात रथाची मापे आहेत. यज्ञवेदी आखण्यासाठी ती दिलेली असल्यामुळे त्यांत अघळपघळपणा नाही. आस १०४ अंगुळे, जू ८६ अंगुळे. अंगुळ म्हणजे सुमारे पाऊण इंच धरले, तर आस साडेसहा फुटांचा होतो. जू दोन घोड्यांच्या खांद्यांच्या मापाने ठरे आणि आस त्याहून लांब ठेवीत. कौटिल्याने रथाध्यक्षाच्या प्रकरणात याच्याही पुढे जाऊन रथांचे सात आकार सांगितले आहेत. सर्वांत मोठ्या रथाची रुंदी बारा मापे, आणि तेथून एकेक माप कमी करीत सहापर्यंत. देवरथ वेगळा, युद्धाचा रथ वेगळा, प्रवासाचा वेगळा. आधी काम पाहावयाचे आणि मग रुंदी ठरवावयाची, हा विवेक या वर्गीकरणात आहे.

आगगाडी आली तेव्हा हाच प्रश्न लोखंडात ओतला गेला. इंग्लंडात रुळांमधील अंतर ४ फूट साडेआठ इंच होते. हिंदुस्थानासाठी लॉर्ड डलहौसी यांस ६ फूट हवे होते, तर सरकारचे सल्लागार अभियंते सिम्स यांनी ५ फूट ६ इंच सुचविले. अखेर हेच माप ठरले, आणि १८५३ साली बोरीबंदराहून ठाण्यास निघालेली गाडी याच मापाने धावली. पुढे अलाहाबादकडून ईस्ट इंडियन रेल्वे १८६७ साली जबलपुरास पोचली, मुंबईकडून ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे आली, आणि ७ मार्च १८७० रोजी जबलपुरात दोघींचे रूळ जोडल्याचा समारंभ झाला. त्यास व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आणि ड्यूक ऑफ एडिंबरो उपस्थित होते. कंपन्या दोन, मालक वेगळे, परंतु रुळांचे माप एक. म्हणूनच मुंबईत भरलेला डबा मधे रिता न करता कलकत्त्यास जाऊ शकला. रूळ जोडणाऱ्या मजुरांना या गोष्टीचे महत्त्व पाहुण्यांपेक्षा अधिक कळले असेल, असे मला वाटते.

नवल असे, की त्याच १८७० साली याच लॉर्ड मेयोंच्या सरकारने काटकसरीसाठी नव्या सरकारी लोहमार्गांना अरुंद, म्हणजे सुमारे एक मीटरचे माप पत्करले. रूळ हलके, पूल लहान, खर्च कमी. हिशेब खोटा नव्हता, परंतु जेथे दोन मापे भेटतील तेथे माल उतरवून पुन्हा चढवावा लागेल, हा खर्च त्यात पुरेसा धरलेला नव्हता. जबलपूरला तर याहूनही अरुंद माप मिळाले. बंगाल-नागपूर रेल्वेने गोंदियाहून नैनपूरमार्गे सातपुडा ओलांडणारा रस्ता अवघ्या अडीच फुटांच्या मापाने बांधला आणि १९०५ साली तो जबलपुरास आणला. डोंगराची वळणे पाहता ही निवड समजण्यासारखी होती. हाऊबाग हे त्या छोट्या गाडीचे स्थानक. बालाघाटचे मँगेनीज असो की जंगलातले लाकूड, मोठ्या रुळांवर जाण्यापूर्वी ते माणसांच्या डोक्यावरून एका डब्यातून दुसऱ्या डब्यात जावयाचे. ही चढउतार पिढ्यान्‌पिढ्या चालली. जबलपूर-नैनपूर मार्गावरील छोटी गाडी २०१५ साली बंद झाली आणि तेथे मोठे रूळ घातले गेले.

छोटी गाडी आली त्याच सुमारास, १९०४ साली, जबलपुरात तोफगाड्यांचा कारखाना निघाला. तोफगाडा करणाऱ्यास चाकांच्या अंतराचा विचार पदोपदी करावा लागतो. अंतर कमी ठेवले तर आडव्या उतारावर गाडा उलटतो, आणि वाढवले तर आस जड होतो, अरुंद वाट अडते. तोफेपुढे जोडावयाच्या दुचाकी गाड्याची चाकेही मागच्या गाड्याच्याच चाकोरीतून जावी लागतात. याच कारखान्यात १९५९ पासून जर्मन बनावटीवरून शक्तिमान ट्रक तयार होऊ लागले. १९६९ साली स्वतंत्र वाहन कारखाना निघाला, आणि निस्सानच्या नमुन्यावरची जोंगा येथल्याच नावाने प्रसिद्ध झाली. त्या नावाच्या इंग्रजी अक्षरांत पहिले अक्षर जबलपूरचे आहे. जोंगाचे उत्पादन १९९९ मध्ये थांबले, तरी लिलावात घेतलेल्या जोंगा आणि जीपगाड्या हौशी लोक आजही जपतात, आणि चकत्यांचा मोह त्यांनाच अधिक होतो.

या मोहाचा हिशेब मांडून पाहू. दुसऱ्या महायुद्धातील विलीस जीपच्या दोन चाकांमधील अंतर ४९ इंच, म्हणजे सुमारे १२४५ मिलिमीटर. दोन्ही बाजूंना ३० मिलिमीटरची चकती घातली तर अंतर ६० मिलिमीटरने वाढते, म्हणजे शेकडा पाचही नाही. कलंडण्याचे भय तेवढ्यापुरतेच कमी होते. टपावरचे ओझे खाली घेतल्याने बहुधा याहून अधिक लाभ होतो आणि खर्च काहीच येत नाही. उलट बाजूस, चाक तुंब्यापासून दूर गेल्यामुळे बेअरिंगवरचा ताण वाढतो. भरलेली बादली अंगाशी धरणे आणि हात लांब करून धरणे यांत जो फरक, तोच येथे. पुढच्या चाकांत तर प्रत्येक खड्ड्याचा हिसका स्टिअरिंगपर्यंत पोचतो.

तरीही चकतीचे खरे काम पडते ते निराळ्या प्रसंगी. रुंद टायर पाट्याच्या स्प्रिंगला किंवा ब्रेकच्या भागाला घासू लागले, तर ते बाहेर घेण्यास ती उपयोगी पडते. अशा वेळी घासणारी जागा मोजावी आणि ती मोकळी होईल इतकीच जाडी घ्यावी. बोल्टांचे वर्तुळ आधी तपासावे. जुन्या जीपला पाच बोल्ट साडेपाच इंचांच्या वर्तुळावर असतात. साडेपाच फूट रुळांचे आणि साडेपाच इंच बोल्टांचे, हा निव्वळ योगायोग, पण लक्षात राहण्यास बरा. चकतीचे मधले भोक तुंब्याच्या कडेवर घट्ट बसले पाहिजे, नाही तर चाक केवळ बोल्टांच्या आधारे लोंबकळते आणि गाडी थरथरते. नट किती फेरे फिरतो तेही मोजावे. १२ मिलिमीटर जाडीच्या आणि दीड मिलिमीटर आट्याच्या बोल्टावर निदान आठ फेरे हवेत. पाच मिलिमीटरची पातळ चकतीही त्यांतले तीनहून अधिक फेरे खाते. तेव्हा एकतर बोल्ट लांब घालावेत, किंवा ज्या जाड चकतीला स्वतःचे बोल्ट असतात ती घ्यावी. एका आसावर दोन्हीकडे सारखीच जाडी असावी, आणि एकीवर एक अशा दोन चकत्या तर कधीच रचू नयेत.

कायद्याचीही एक बाजू आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यातील ५२ वे कलम निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी नोंदणीपुस्तकातील तपशील विसंगत ठरेल असा फेरफार करण्यास मनाई करते. म्हणून चकती विकत घेण्याआधी परिवहन कार्यालयात विचारून घ्यावे. शिवाय बडा फुहाऱ्यासारख्या चौकात मडगार्डाबाहेर आलेले चाक शेजारच्या हातगाडीच्या चाकात अडकू शकते, आणि त्या हातगाडीवाल्याने आपली रुंदी वाढवलेली नसते.

इतके पाहूनही कोणी चकती बसवलीच, तर बसवण्यापूर्वी तुंब्यावरचा गंज तारेच्या ब्रशाने साफ करावा, नट समोरासमोरचे आळीपाळीने आवळावेत, आणि शंभरएक किलोमीटर गाडी चालवून झाल्यावर ते सारे पुन्हा एकदा पान्ह्याने तपासावेत.