गुडघा बदलताना रक्ताची बाटली का लागेनाशी झाली?

ऑक्टोबर 2000 मध्ये पंतप्रधान वाजपेयींचा डावा गुडघा डॉ. चित्तरंजन राणावत यांनी मुंबईत, ब्रीच कँडी रुग्णालयात बदलला. पुढच्या जूनमध्ये उजवा. मग आमच्या दिल्लीतही, करोल बाग-पहाडगंजच्या मराठी घरांत, आजी-आजोबांच्या गुडघ्यांची गोष्ट निघाली की पाठोपाठ प्रश्न यायचा, रक्त कोण देणार?

या प्रश्नाला एक इतिहास आहे. पूर्वी दिल्लीत रक्त विकत मिळायचं. ते विकणारे बहुतेक गरीब, आणि त्या रक्तातून कावीळ, एचआयव्ही पसरण्याची भीती. एच. डी. शौरी यांच्या ‘कॉमन कॉज’ संस्थेने दाद मागितली. सर्वोच्च न्यायालयाने 4 जानेवारी 1996 रोजी निकाल दिला आणि 1 जानेवारी 1998 पासून रक्ताची विक्री बंद झाली. निर्णय योग्यच. पण भार नातेवाइकांवर आला. रक्ताच्या बदल्यात रक्त द्या! आता पेशंट दिल्लीत आणि भाचे-पुतणे साताऱ्याला, तर माणसं आणायची कुठून?

मांडीला पट्टा आवळून रक्त थांबवण्याची युक्ती जुनी आहे. एस्मार्कचा रबरी पट्टा 1873 चा, कुशिंगचा हवेचा 1904 चा. पण पट्टा सुटला की कापलेल्या हाडातून रक्त झिरपतं, आणि शरीरच आपली गुठळी विरघळवू लागतं.

ही विरघळण थांबवणारं औषध जपानमध्ये उताको आणि शोसुके ओकामोतो या दांपत्याने 1962 मध्ये जाहीर केलं, ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड. उताकोबाईंना वाचवायच्या होत्या बाळंतपणात रक्तस्रावाने दगावणाऱ्या बायका. पैसे बेताचे, म्हणून प्रयोगाला प्रसंगी स्वतःचंच रक्त! आपल्याकडे पाळीत फार अंगावर जातं म्हणून हीच गोळी देतात.

गुडघ्यापर्यंत यायला मात्र त्याला तीस वर्षांवर लागली. 1990 च्या दशकाच्या मध्यावर स्वीडन आणि फिनलंडच्या डॉक्टरांनी ते गुडघ्याच्या शस्त्रक्रियेत वापरून पाहिलं. रक्तस्राव आणि रक्त चढवणं, दोन्ही घटलं. 2010 मध्ये वीस हजारांवर जखमींवरची मोठी चाचणी छापून आली, तेव्हा जगभर विश्वास बसला. इतक्या स्वस्त औषधाला इतका उशीर, हे मला खटकतं.

सवयही बदलली. हिमोग्लोबिन 10 च्या खाली गेलं की रक्त चढवा, ही शिफारस 1942 ची. आता स्थिर प्रकृतीच्या पेशंटला साधारण 8 पर्यंत थांबतात. म्हणूनच शस्त्रक्रियेच्या काही आठवडे आधी हिमोग्लोबिन तपासतात. कमी निघालं तर कारण शोधतात, आणि लोह कमी असेल तर ते आधी भरून काढतात.